कोल्हा, खोकड आणि 'फॉक्स'

इंग्रजींतील एखादा उतारा मराठींत उतरविण्यास दिला आणि त्यांत 'फॉक्स' हा शब्द आला म्हणजे आमचे बहुतेक विद्यार्थी निःशंकपणें 'कोल्हा' असें लिहून मोकळे होतात. परंतु त्याच उताऱ्यांत पुढें 'जॅकल' आला कीं लेखणी अडते. कारण त्याचाहि अर्थ कोल्हाच! मग कोणी दुसऱ्या प्राण्याचा लांडगा करतो, कोणी तरस करतो, आणि कोणी तें वाक्यच गाळून पुढें जातो. यांत दोष सर्वस्वीं मुलांचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. गोष्टींच्या पुस्तकांनीं व वाचनमालांनीं हे दोन प्राणी फार दिवसांपासून एकाच नांवाखालीं बांधून ठेविले आहेत. ती गांठ सोडवूं लागलें म्हणजे इंग्रजी, फ्रेंच आणि मराठी या तीन भाषांत या प्राण्यांनीं केवढा संसार मांडला आहे तें दिसूं लागतें.

प्रथम प्राणी पाहूं, मग शब्द. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या कांठीं रात्रीं जो 'हुआ हुआ' करून साऱ्या शिवारास जागें करतो तो कोल्हा. हा कुत्र्याच्या व लांडग्याच्या कुळांतला. शास्त्रज्ञ त्यास 'कॅनिस ऑरियस' म्हणजे 'सोनेरी कुत्रा' म्हणतात. वजनानें तो साधारण आठ-दहा किलो भरतो. मेलेलें जनावर, उंदीर, बोरें, ऊंस, मका, काकडी, यांपैकीं त्यास कांहींच वर्ज्य नाहीं. दुसरा प्राणी खोकड. हें मांजरापेक्षां थोडेंच मोठें, दोन-तीन किलो वजनाचें, लांब टोकदार कानांचें व झुपकेदार शेपटीचें. ह्याचें शास्त्रीय नांव 'व्हल्पिस बेंगालेन्सिस'. दाट रानापेक्षां उघडें माळरान व पडीक जमीन यास प्रिय. तेथें तें बीळ खणून राहतें, आणि त्या बिळास एकच तोंड नसून अनेक तोंडें असतात. उंदीर, टोळ, किडे, सरडे खाऊन तें शेतकऱ्याचें कामच करतें.

इंग्रजी क्रमिक पुस्तकांतील चित्रांत जो तांबूस 'फॉक्स' दिसतो तो यांपैकीं कोणताच नव्हे. तो खोकडाचा युरोपांतील थोरला भाऊ. आपल्या खोकडाच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा. हिंदुस्थानांत तो हिमालयांत आणि राजपुतान्याच्या व कच्छच्या कोरड्या मुलखांत आढळतो, खानदेशांत नाहीं. ओळखण्याची खूण सोपी आहे : त्या परदेशी भावाच्या शेपटीचें टोंक पांढरें असतें, आपल्या खोकडाचें काळें. तेव्हां 'फॉक्स' म्हणजे खोकड व 'जॅकल' म्हणजे कोल्हा, हें एवढें लक्षांत ठेविलें तर भाषांतराची निम्मी अडचण दूर होते. उरलेली निम्मी मात्र इतकी सोपी नाहीं, असें पुढें दिसेल.

जातां जातां एक गोष्ट सांगितली पाहिजे. जत्रांतून 'कोल्ह्याचें शिंग' म्हणून केंसाळ गोळा विकणारे लोक असतात, आणि तें जवळ बाळगल्यानें धनलाभ होतो असें सांगतात. कोल्ह्यास शिंग नसतें. असल्या वस्तूंच्या लोभानें मुक्या प्राण्यांचा जीव जातो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें कोल्ह्याच्या व खोकडाच्या शिकारीस बंदी आहे.

आपल्या पूर्वजांस हे दोन प्राणी निराळे ठाऊक होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत एका सूक्तांत 'लोपाश' आणि 'क्रोष्टा' हीं दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं आलीं आहेत. तेथें सर्व कांहीं उलटें घडत आहे. लोपाश सिंहावर चालून जातो आणि क्रोष्टा रानडुकरास झुडपांतून हांकलून काढतो. लोपाश म्हणजे खोकड, आणि क्रोष्टा म्हणजे कोल्हा. 'क्रुश्' म्हणजे ओरडणें; तेव्हां क्रोष्टा म्हणजे ओरडणारा. याच शब्दाशीं नातें असलेला प्राकृत 'कोल्हुअ' झिजत झिजत आपला 'कोल्हा' झाला असें भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. म्हणजे कोल्ह्याचें नांव त्याच्या लबाडीवरून पडलेलें नाहीं, त्याच्या आवाजावरून पडलेलें आहे. लबाडीचीं नांवें त्यास मागाहून मिळालीं. अमरकोशांत त्याच्या नांवांची जी माळ आहे तींत 'वंचक' म्हणजे फसविणारा, 'भूरिमाय' म्हणजे पुष्कळ कपटें जाणणारा, आणि 'मृगधूर्तक' म्हणजे जनावरांतला ठक अशीं नांवें आढळतात. त्याच माळेंत 'शिवा' म्हणजे मंगल असेंहि एक नांव आहे. ज्याच्या ओरडण्यास लोक अशुभ मानीत त्याचें असें गोड नांव कां ठेवावें? सापास 'लांबडें' म्हणावें आणि दिवा विझला न म्हणतां 'वाढला' म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार असावा असें आम्हांस वाटतें.

आतां शब्दांचा प्रवास. यांत सर्वांत मौजेचा 'जॅकल'. हा शब्द इंग्रजी वाटतो, परंतु त्याचें मूळ घर आपलेंच आहे. संस्कृत 'शृगाल' किंवा 'सृगाल' हा शब्द इराणांत गेला, तेथें तो 'शगाल' झाला. तेथून तुर्कांनीं तो 'चकाल' असा उचलला. तुर्कांपासून फ्रेंचांनीं 'शकाल' व इंग्रजांनीं 'जॅकल' असा घेतला. युरोपच्या पश्चिम भागांत हा प्राणीच नव्हता, म्हणून त्याचें नांव परक्यांकडून घेणें त्यांस भाग पडलें. पुढें तोच शब्द इंग्रजी पुस्तकांतून आमच्या वर्गांत आला, आणि आम्हीं त्याचें स्पेलिंग पाठ करूं लागलों! माहेरची मुलगी परदेशी वेषांत दारांत उभी राहिली तर ओळखूं येऊं नये, तसा हा प्रकार आहे.

'फॉक्स' या शब्दाचीहि आपल्याकडे दूरची सोयरीक आहे. बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांचें मत असें आहे कीं, ज्या प्राचीन धातूपासून संस्कृतांत 'पुच्छ' झाला त्याच धातूपासून इंग्रजी 'फॉक्स' व जर्मन 'फुक्स' हे शब्द झाले. फॉक्स म्हणजे 'शेपटीवाला'. आम्हीं त्या कुळांतील एकाचें नांव आवाजावरून ठेविलें, त्यांनीं दुसऱ्याचें शेपटीवरून; आणि दोघांचेंहि निरीक्षण बरोबर आहे. मादीस इंग्रजींत 'व्हिक्सन' म्हणतात. 'फ' चा 'व्ह' कसा झाला, असें चौकस विद्यार्थी विचारील. इंग्लंडच्या दक्षिणेकडील खेडवळ बोलींत 'फ' च्या जागीं 'व्ह' म्हणण्याची रीत होती. नराचें नांव शहरी उच्चारानें रूढ झालें आणि मादीचें खेडवळ उच्चारानें. आपल्या अहिराणींतला एखादा शब्द तसाच्या तसा पुण्याच्या पुस्तकांत जाऊन बसावा, तसें हें झालें. 'व्हिक्सन' या शब्दाचा लाक्षणिक अर्थ भांडखोर, कजाग बाई असा आहे, म्हणून निबंधांत तो जपून वापरावा.

फ्रेंच भाषेंत तर एका गोष्टीच्या पुस्तकानें प्राण्याचें मूळ नांवच पुसून टाकलें. जुन्या फ्रेंचमध्यें खोकडास 'गुपी' म्हणत; हा शब्द लॅटिनमधील 'व्हल्पेक्युला' यावरून आला होता. बाराव्या व तेराव्या शतकांत तेथें एका धूर्त खोकडाच्या पद्यकथा रचल्या गेल्या. त्या एका कवीच्या नसून अनेकांच्या आहेत. त्या कथांतील खोकडाचें विशेषनाम 'रनार'. हें मुळांत माणसाचें जर्मानिक नांव असून त्याचा अर्थ 'मसलतीस बळकट' असा होतो. रनार लांडग्यास फसवितो, सिंहाच्या दरबारांत खोटें बोलून सुटतो, शपथा घेतो आणि मोडतो. या कथा इतक्या लोकप्रिय झाल्या कीं लोक कोणत्याहि खोकडास 'रनार' म्हणूं लागले, आणि 'गुपी' हळूहळू बोलण्यांतून नाहींसा झाला. आपल्याकडे घरभेद्यास 'बिभीषण' आणि कळलाव्यास 'नारद' म्हणतात. पण त्यामुळें मूळ शब्द मेले नाहींत. फ्रान्समध्यें मूळ शब्द मेला. तो आतां मुख्यतः आडनांवांत उरला आहे. रनारच्या कथा इंग्लंडांतहि पोंचल्या. तेथील पहिला मुद्रक कॅक्स्टन यानें १४८१ मध्यें त्या इंग्रजींत छापल्या.

आडनांवांवरून आठवलें. आमच्या खानदेशांत 'कोल्हे' हें आडनांव नवीन नाहीं. इंग्लंडांत 'फॉक्स' हें आडनांव तितकेंच मानाचें आहे; इतिहासांत विद्यार्थी ज्या १७८३ च्या 'फॉक्सच्या इंडिया बिला'विषयीं वाचतात, तो चार्ल्स जेम्स फॉक्स हा तेथील मोठा वक्ता होता. कोल्हापूरचा मात्र कोल्ह्याशीं संबंध जोडूं नये. पुराणकथा त्या नांवासाठीं कोल्हासुराकडे बोट दाखविते.

आतां ती उरलेली निम्मी अडचण. पंचतंत्रांत करटक आणि दमनक हे सिंहाचे दोन मंत्रिपुत्र कोल्हे आहेत. सहाव्या शतकांत इराणचा बादशहा नौशेरवान याच्या कारकीर्दींत हा ग्रंथ तेथील पेहलवी भाषेंत गेला, आठव्या शतकांत अरबी भाषेंत, आणि तेथून युरोपांत. करटक-दमनकाचें अरबींत 'कलीला व दिमना' झालें. जेथें कोल्हा कोणी पाहिलाच नव्हता तेथें भाषांतरकारांनीं काय करावें? थॉमस नॉर्थ यानें १५७० मध्यें जें इंग्रजी भाषांतर छापलें त्यांत या दोघां मुत्सद्द्यांची गाढव आणि खेचर अशी गत झाली आहे! इतर ठिकाणीं कोल्ह्याच्या जागीं साहजिकच खोकड आलें. फ्रेंच कवि ला फोंतेन यानें १६७८ मध्यें आपल्या कथांचा दुसरा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांतील बराचसा भाग आपण हिंदी ऋषि 'पिलपे' याच्यापासून घेतला असें त्यानें प्रस्तावनेंत मोकळेपणें कबूल केलें आहे.

एकोणिसाव्या शतकांत हाच प्रवाह उलट वाहूं लागला. इसापाच्या कथा मराठींत आल्या. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' १८२८ मध्यें निघाली. त्यांचें 'बाळमित्र' हें पुस्तकहि त्याच सालचें, आणि तें मूळचें बेर्कें नांवाच्या फ्रेंच लेखकाचें. इसापाच्या ग्रीक कथेंत प्राणी खोकड. मराठी मुलांच्या ओळखीचा धूर्त प्राणी मात्र पंचतंत्रांतला कोल्हा. म्हणून इसापाचें खोकड मराठींत कोल्हा झालें. कोल्ह्याचें पश्चिमेकडे खोकड झालें आणि खोकडाचा येथें कोल्हा झाला. दोन्ही वेळां भाषांतरकारानें प्राणिशास्त्र सोडून वाचकाची समजूत धरली. हें चुकलें असें आम्हांस म्हणवत नाहीं. गोष्टींत प्राण्याच्या कातड्यापेक्षां त्याचा स्वभाव अधिक महत्त्वाचा असतो. म्हणून आमचा सल्ला असा कीं, इसापाची गोष्ट सांगतांना 'कोल्हा' खुशाल लिहावा. परंतु भूगोलाच्या, प्राणिशास्त्राच्या किंवा प्रवासवर्णनाच्या उताऱ्यांत 'फॉक्स' आल्यास 'खोकड' असेंच लिहावें. बायबलांतील शमशोनाच्या कथेंत जे तीनशें प्राणी येतात त्यांचेविषयींहि पंडितांत हाच वाद आहे. कारण हिब्रू 'शुआल' या शब्दांत खोकड व कोल्हा हे दोन्ही येतात. ते टोळीनें राहणारे कोल्हेच असावेत असें पुष्कळांस वाटतें.

वाक्प्रचारांत शिरलें म्हणजे खरी गंमत कळते. इंग्रज मनुष्य एखाद्यास 'ओल्ड फॉक्स' म्हणतो, फ्रेंच 'व्ह्यू रनार' म्हणतो. दोघांच्याहि मनांत मुरलेला, कोणाच्या हातीं न लागणारा धूर्त मनुष्य असतो. आपण 'म्हातारें खोकड' म्हणतों तेव्हां मात्र मनांत केवळ सुरकुतलेला, वाळलेला देह असतो. धूर्तपणाचा तेथें गंधहि नाहीं. तेव्हां 'ओल्ड फॉक्स' चें भाषांतर 'म्हातारें खोकड' असें शब्दशः केलें तर अर्थाचा अनर्थ होईल. तेथें 'बारा गांवचें पाणी प्यालेला' हाच वाक्प्रचार शोभेल. उलट, इंग्रजींत एखाद्यास 'जॅकल' म्हणणें हा धूर्तपणाचा गौरव नव्हे. त्यांत तुच्छता आहे. सिंहासाठीं शिकार हुडकून देऊन उष्ट्यावर पोट भरणारा तो जॅकल, अशी जुनी समजूत होती. डिकन्सच्या 'टेल ऑफ टू सिटीज' मध्यें एका प्रकरणाचें नांवच 'जॅकल' आहे. त्यांतील सिडनी कार्टन हा दुसऱ्या वकिलासाठीं रात्रभर राबतो आणि श्रेय दुसराच घेतो. येथें 'कोल्हा' हा शब्द ठेवला तर मराठी वाचक कार्टनला लबाड समजेल, आणि सारी कादंबरी उलटी वाचली जाईल. एका शब्दाच्या छटेवर किती अवलंबून असतें याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

'कोल्ह्याला द्राक्षें आंबट' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे कीं ती परकी वाटत नाहीं. पण तिच्यांतील 'आंबट' हा शब्द तिचा मार्ग सांगतो. ग्रीक कथेंतील खोकड द्राक्षांस 'कच्चीं' म्हणतें. ला फोंतेनचें 'फारच हिरवीं' म्हणतें. इंग्रजींत तीं 'आंबट' होतात, आणि मराठींतहि आंबटच आहेत. म्हणजे ही म्हण आपल्याकडे इंग्रजीच्या द्वारें आली असें दिसतें. याच अर्थाच्या जवळची आपली घरची म्हण 'नाचतां येईना अंगण वांकडें'. तिच्यांत कोणी प्राणी नाहीं, पण अंगण आहे, आणि तें आपलें आहे.

कोल्ह्याची खरी देशी म्हण 'कोल्हा काकडीला राजी'. क्षुद्र मनुष्य क्षुद्र लाभानें खूष होतो, असा तिचा अर्थ सांगतात. उन्हाळ्यांत नदीच्या वाळूंत टरबूज-काकडीच्या वाड्या लागतात, तेथें रात्रीं राखण करणाऱ्यास विचारावें. मांस खाणारें हें जनावर खरोखरच काकडीसाठीं येतें, आणि निवडून पिकलेली फोडतें. ही म्हण कोणा पंडितानें रचलेली नसून रात्रीं माच्यावर जागणाऱ्या शेतकऱ्याच्या अनुभवांतून आलेली आहे. 'कोल्हेकुई' हा शब्दहि तसाच रात्रीचा. एक ओरडला कीं दुसरा, मग चारी दिशांनीं सारे. कोणी काय पाहिलें हें कोणासच ठाऊक नाहीं. वर्तमानपत्रांनीं तो विरोधकांच्या ओरडीस लाविला, आणि त्याचें सोनें झालें. इंग्रजींत अथवा फ्रेंचमध्यें इतका नेमका एक शब्द आम्हांस आढळला नाहीं. फ्रेंचांची एक म्हण मात्र आम्हांस फार आवडते : सकाळभर झोपणाऱ्या खोकडाच्या जिभेस पिसें लागत नाहींत. पिसें अर्थातच कोंबडीचीं.

इंग्रजांस हा प्राणी वनस्पतींतहि दिसतो. आपण ज्यास राळा म्हणतों त्या धान्यास ते 'खोकडाच्या शेपटीचें धान्य' म्हणतात. कणीस पाहिलें म्हणजे हें नांव पटतें. सह्याद्रींत झाडांवर लोंबणारें एक सुंदर आमर आहे. त्याच्या गुलाबी-पांढऱ्या घोसांत इंग्रजांस खोकडाची शेपटी दिसली, आणि आपल्या लोकांस सीतेची वेणी. यावर कांहीं भाष्य करण्याची गरज नाहीं. मोठ्या वटवाघुळास ते 'उडणारें खोकड' म्हणतात. त्याचें तोंड जवळून पाहिल्यास साम्य खरेंच आहे. फ्रेंचांनीं त्याच्या तांबूस रंगावरून 'रूसेत' असें नांव दिलें, आणि आपण त्यास वडाच्या झाडावर टांगलेलेंच ठेविलें. जुन्या पुस्तकांच्या पानांवर तपकिरी डाग पडतात त्यांसहि इंग्रजींत खोकडाचेंच नांव आहे; आमच्या ग्रंथालयांतील जुन्या कपाटांत त्याचे नमुने हवे तितके सांपडतील.

ऊन असतां पाऊस पडूं लागला म्हणजे कोल्ह्याचें लग्न लागतें, असें आपल्याकडील मुलें ओरडतात. जपानांत अशा वेळीं खोकडाच्या नवरीची वरात निघते म्हणतात. दक्षिण आफ्रिकेंतील डच वंशाचे लोक कोल्ह्याचेंच लग्न लावतात. इतक्या दूरच्या देशांत एकच कल्पना कशी उपजली हें कोडें विद्वानांसहि पुरतें सुटलेलें नाहीं. फ्रेंच मात्र येथें वेगळे : त्यांच्या मतें त्या वेळीं सैतान बायकोस मारतो आणि मुलीचें लग्न करतो. लग्न आहेच, वधूपक्ष तेवढा बदलला.

एक काम आमच्या विद्यार्थ्यांसाठीं राहिलें आहे. माळरानें नांगरटीखालीं गेलीं, त्यांवर घरें व कारखाने उभे राहिले, आणि खोकडाची जागा आकसली. प्राणी दिसेनासा झाला कीं त्याचें नांवहि तोंडांत राहात नाहीं. आमच्या वर्गांतील किती मुलांनीं 'खोकड' हा शब्द वडिलांच्या तोंडून ऐकला आहे हें विचारलें तर थोडेच हात वर होतात. दिवाळीच्या सुटींत जीं मुलें चाळीसगांव, पारोळा, शिरपूर, साक्री या बाजूंस आपल्या गांवीं जातील त्यांनीं आजोबांस व गुराख्यांस विचारावें : बिळांत राहणारें, काळ्या टोंकाच्या शेपटीचें तें लहान जनावर कोठें दिसतें, शेवटीं केव्हां दिसलें, आणि अहिराणींत, भिलांच्या बोलींत किंवा गुजराथच्या हद्दीवर त्यास काय म्हणतात. जें नांव ऐकूं येईल तें शुद्ध-अशुद्धाचा विचार न करतां, जसें ऐकलें तसेंच, गांवाच्या नांवासह वहींत उतरून आणावें.